मास्तरांचं नसलेलं मांजर

मास्तरांच्या दुकानातून नुसती पँट घेऊन बाहेर पडलेलं गिऱ्हाईक शोधूनही सापडायचं नाही. पँटीबरोबर एक गोष्ट मिळायचीच. माप घेताना गोष्टीची सुरुवात, अंगावर घालून बघायला आलात की मधला भाग, आणि शेवट ऐकायचा तर कपडे न्यायला यायचं. कपडे काही सांगितलेल्या दिवशी तयार नसत. त्यामुळे शेवटाच्या आधी दोन पोटगोष्टी आणखी व्हायच्या. शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, "मास्तर, तुमच्या सुईपेक्षा जीभ बारीक टाका घालते."

सगळ्यात गाजलेली गोष्ट नवरदेवाच्या पँटीची. मेव्हण्याचं लग्न, नवरदेव वडीलधाऱ्यांसमोर वाकला आणि पँट मागून टर्रकन फाटली. मास्तरांनी त्याला पडद्यामागे नेलं, अंगावरच टाके घातले आणि घाईत त्याचा शर्टही पँटीला शिवून टाकला. नवरदेवाला दोन दिवस शर्ट काढता आला नाही. गोष्ट खरी. पण पहिल्यांदा सांगितली तेव्हा लग्नाला दीडशे माणसं होती, मुलगा शाळेत गेला तोवर तीनशे झाली, आणि नात कॉलेजात गेली तेव्हा पाचशेच्या वर माणूस त्या पडद्यापलीकडे तिष्ठत उभं होतं.

"अहो, तो हॉल मागून वाढवला का?" मास्तरीणबाई विचारायच्या.

"अगं, कापड आणि गोष्ट जरा सैलच बेतावी. धुतल्यावर आटते."

तर असे हे मास्तर सत्तर पुरे झाल्यावर विद्यापीठात शिकायला गेले.

झालं असं, की दुकान मुलाने आणि सुनेने हातात घेतलं. सुनेचा हात मोठा साफ. तिने पहिल्या महिन्यातच दुकानात पाटी लावली, 'कपडे वेळेवर मिळतील', आणि मास्तरांना कळलं की आपल्या निवृत्तीची वेळ झाली. घरी बसून ते दोन आठवड्यांत सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटायला लागले. मग नातीने एक फॉर्म आणला. ती त्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती, आणि उंची फार म्हणून घरात तिला सगळे शिडी म्हणत. विद्यापीठाचा नियम असा होता की पासष्टच्या पुढचं कुणीही, शाळा कितीही झालेली असो, एका विषयाला सहा महिने बसू शकतं. पास झालं तर पुढचे दरवाजे उघडे. नापास झालं तर नमस्कार, पुन्हा फॉर्म नाही.

मास्तरांची शाळा सातवीपर्यंत. गावची, एका खोलीची. सात इयत्ता एका गुरुजींसमोर बसायच्या, आणि इतिहास म्हणजे राजा जन्मला, राजा लढला, राजा मेला, पाटी पुसा. तरी त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि विषयांच्या यादीवरून बोट फिरवत एका ओळीवर थांबले. 'ज्यूंच्या वंशसंहाराचा इतिहास.' तिथे त्यांनी अशी खूण केली की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

"अहो, या वयात काही हसतंखेळतं शिकावं की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बागकाम आहे बघा. बासरी आहे."

"बासरी तुला ऐकावी लागेल."

"मग बागकाम."

मास्तर काही बोलले नाहीत. ते गप्प बसले म्हणजे प्रकरण वस्तादांचं आहे, हे मास्तरीणबाईंना पन्नास वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

वस्ताद म्हणजे मास्तरांना सुई धरायला शिकवणारा माणूस. तो ज्यू होता. महायुद्ध संपल्यावर युरोपातून एकटा आला. आला तेव्हा बरोबर एक कात्री, एक बोटात घालायचं अंगुस्तान आणि अंगावरचा कोट. मास्तर तेराव्या वर्षी गावाहून त्याच्याकडे काम शिकायला आले. वस्तादाने सगळं शिकवलं. बटणाचं काज कसं करायचं, रफू कसा घालायचा, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे कोट पलटायचा कसा. जुन्या काळी नवा कोट म्हणजे चैन. बाहेरची बाजू झिजून चकाकायला लागली की शिंपी सगळा कोट उसवायचा, आतली कोरी बाजू बाहेर घ्यायचा आणि पुन्हा शिवायचा. कोट दहा वर्षांनी तरुण व्हायचा. हे काम येणारे आता शहरात एकटे मास्तरच उरले होते, आणि पलटायला कोट कुणी आणत नव्हतं.

वस्तादाने एक गोष्ट मात्र शिकवली नाही, ती म्हणजे स्वतःची. तिकडे घरी कोण होतं, काय झालं, एक अक्षर नाही. मास्तरांनी हजार गोष्टी सांगितल्या, पण वस्तादाची गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. ज्या माणसाने भाकरी कमवायला शिकवलं त्याच्यामागे काय उभं होतं, हे माहीत नसताना आपण मरायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून ती खूण.

वर्गात बावीस पोरं आणि एक मास्तर. सगळ्या विद्यापीठात 'मास्तर' म्हणून हाक मारली की वळून बघणारा एकच माणूस होता आणि तो पहिल्या बाकावर उशी घेऊन बसायचा. शिकवायला एक बाई होत्या, पन्नाशीच्या आतबाहेर, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. मास्तर त्यांना गावच्या शाळेच्या सवयीने 'बाई' म्हणायचे आणि त्या आत आल्या की उठून उभे राहायचे. आठवड्याभरात मागची पोरंही उठायला लागली. बाईंना पंधरा वर्षांत असा मान मिळाला नव्हता, त्या पहिल्या दिवशी आग लागली की काय म्हणून मागे बघू लागल्या.

पोरांना मास्तरांच्या कोटाच्या गळपट्टीत खोचलेली सुई दिसली आणि मधल्या सुट्टीत दुकान सुरू झालं. कुणाचं बटण, कुणाच्या बॅगेचा बंद. जाड भिंगाचा एक पोरगा होता, त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. त्याच्या एकाच जाकिटाला मास्तरांनी चार वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी बटणं लावून दिली.

पण तास सुरू झाला की मास्तर वेगळे. बाई कायदे सांगायच्या, तारखा सांगायच्या, आकडे सांगायच्या. आज ज्यूंना सरकारी नोकरीतून काढलं. आज दुकानं गेली. आज मुलांची शाळा बंद. मास्तरांना वाटायचं, पुढच्या तासाला कुणीतरी उठेल आणि म्हणेल, आता पुरे. पुढच्या तासाला आणखी एक कायदा यायचा. पिवळ्या कापडाचा तारा कोटावर शिवायचा आणि तो पक्का शिवलेला असायला हवा, असा हुकूम होता, हे ऐकलं त्या दिवशी ते घरी आले, जेवले आणि जेवताना एकही गोष्ट सांगितली नाही.

"कुणाशी भांडलात का?" मास्तरीणबाई घाबरल्या.

"नाही गं. सुई कशाकशासाठी वापरतात, ते आज कळलं."

तरी जायचे मात्र रोज. पाऊण तास आधी. शिडी म्हणायची, "आजोबा, वर्ग उघडायच्या आधी जाऊन काय करता?" तर म्हणायचे, "बाकाला सवय करून देतो." खरं सांगायचं तर इतका आनंद त्यांना गिऱ्हाइकाने भरलेल्या दुकानातही झाला नव्हता. वही, पेन, पुढ्यात पुस्तक, आणि चुकलं तर बोट दाखवणारं कुणीतरी. विषय काळजाला घरं पाडणारा, पण कळतंय, थोडंथोडं कळतंय, याचं समाधान वेगळंच. त्यामुळे नापास होऊन हे सुटेल, अशी त्यांना धास्ती असायची.

आणि अर्धे गुण एकाच कामाला होते.

बाईंनी प्रत्येकाला एक पाकीट दिलं. दूरच्या एका संग्रहालयातून आलेल्या नकला. एका पाकिटात एक कुटुंब. त्यांचं जेवढं उरलंय तेवढं. ते बघायचं, लिहायचं आणि वर्गासमोर वाचायचं. मास्तरांच्या पाकिटात एक शाळामास्तर, त्याची बायको आणि दोन मुली निघाल्या, मुलींमध्ये जेमतेम वर्षाचं अंतर. कागद चारच. राहत्या पत्त्याची नोंद. मुलींच्या शाळेतल्या तपासणीचं एक पान. छावणीकडे नेणाऱ्या आगगाडीत चढवलेल्यांच्या यादीतला तुकडा, तारखेसकट. त्यानंतरचं काही नाही. चौथा कागद म्हणजे चौघांचा एक फोटो, आणि फोटोमागच्या मजकुराची नक्कल. आईच्या हातची ओळ होती: डावीकडून थोरली, मी, हे, धाकटी. यादीत दोघी मुलींची नावं होती, पण मास्तर त्यांना मनात थोरली आणि धाकटीच म्हणायचे.

मास्तरांनी पाकीट उराशी धरून घरी आणलं, दार लावून बसले आणि चार दिवसांत बारा पानं लिहिली. काय लिहिली म्हणता! आई चुलीपाशी गुणगुणते आहे, बाप नवा कोरा कोट घालून दारात उभा राहून विनोद करतो आहे, थोरली धाकटीची वेणी ओढते आहे, आणि खिडकीत एक मांजर, पांढरं, एका कानावर काळा ठिपका. गाडीचा दिवस येतो, सगळे जातात, आणि मांजर खिडकीतच बसून राहतं.

घरी वाचन झालं. मास्तरीणबाईंनी पदराने डोळे पुसले. सून शिलाई मशीन थांबवून ऐकत होती. घड्याळवाला तर म्हणाला, "मास्तर, आजवर तुमच्या गोष्टी ऐकून कान किटले होते. आज कानांचं सोनं झालं."

मास्तर छाती पुढे काढून ती पानं बाईंना देऊन आले. दोन दिवसांनी बाईंनी खोलीत बोलावलं. खोली एवढीशी, खुर्चीवर पुस्तकं, खिडकीत पुस्तकं. बाईंनी एका खुर्चीवरची पुस्तकं जमिनीवर ठेवली आणि मास्तरांना बसवलं.

"मास्तर, मी हे दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना रडले."

"बाई, तुमची कृपा."

"आता सांगा, मांजर कुठून आलं?"

मास्तर जरा चुळबुळले. "मांजर... आलं."

"कुठल्या कागदात?"

"कागदात नाही. पण घर म्हटलं की मांजर असतंच."

"आई काय गुणगुणत होती, हे कुठल्या कागदात?"

"बाई, माणसाला मन असतं की नाही? त्यांचं नुसतं नाव-गाव लिहिलं तर यादी होईल. यादी त्या गाडीवाल्यांनीही केली होती. मी त्यांना जरा अंगावर कपडे घातले."

बाई हळू बोलल्या. "मास्तर, हे घडलंच नाही, असं म्हणणारी माणसं आजही आहेत. त्यांना एक खोटं मांजर पुरतं. त्याच्या शेपटीला धरून ती अख्खं घर नसलेलं ठरवतात. आणि दुसरं सांगते. या चौघांचं सगळं नेलं. हे चार कागद तेवढे त्यांचे स्वतःचे आहेत. त्यात आपण आपलं काही मिसळायचं नाही."

त्यांनी पानं परत दिली. लाल पेनाने जागोजाग एकच प्रश्न होता: कशावरून? मांजराखाली कशावरून. वेणीखाली कशावरून. 'नवा कोरा कोट' याखालीही कशावरून.

"हे मी पास करू शकत नाही," बाई म्हणाल्या. "दहा दिवस देते. पुन्हा लिहा. नाहीतर नियम तुम्हाला माहीत आहे, मला वाकवता येणार नाही."

मास्तर घरी आले ते बूट न काढता खुर्चीत बसले. सातवीच्या माणसाने उगाच मोठ्या दारात पाय घातला, म्हणाले. उद्यापासून बासरी, म्हणाले. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा पुढे ठेवला, आणि मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"लहान पोरासारखं तोंड काय पाडता? मी रडले ती तुमच्या मांजरासाठी रडले, मला काय माहीत मांजर खोटं! आता ती बाई आणि तिच्या पोरी राहिल्या बाजूला, आणि माझ्या डोळ्यांसमोर मांजरच बसलंय. हा काय न्याय झाला? दुकानात गिऱ्हाइकाचं माप चुकलं की काय करायचात?"

"उसवायचो."

"मग उसवा. कात्री कुणी चोरली नाही तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी ती बारा पानं टेबलावर पसरली, हातात शिंप्याचा खडू घेतला आणि जिथे जिथे 'कशावरून'चं उत्तर नाही तिथे तिथे काट मारायला लागले. मांजर गेलं. वेणी गेली. गुणगुणणं, विनोद, चूल, खिडकी सगळं गेलं. बारा पानांचं सव्वा पान राहिलं. मास्तर त्याच्याकडे बघून म्हणाले, "आटलं हो."

उरला 'नवा कोरा कोट'. यावर काट मारायला खडू उचलला आणि तसाच धरून राहिले. बाकीचं आपण मनाने रचलं, पण कोट तर फोटोत आहे! कोट नवा की जुना, हे मास्तरांना कागदपत्राशिवाय सांगता येईल. असल्या गोष्टीत त्यांना 'कशावरून' विचारणारं अजून कुणी जन्मलं नव्हतं.

ते तडक घड्याळवाल्याकडे गेले, त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मागितलं आणि त्याच्या दुकानातल्याच उजेडात फोटो धरून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"मास्तर, डोळा चिकटला का भिंगाला?"

"थांब रे. इथे काहीतरी उफराटं आहे."

आता हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि बटणं लागतात. बाईच्या कपड्याचं बरोबर उलट, उजवी बाजू डावीवर. आणि पुरुषाच्या छातीवरचा खिसा डावीकडे, काळजावर. हे जगभरच्या शिंप्यांना माहीत असतं आणि बाकी कुणी कधी बघत नाही. फोटोतल्या बापाचा खिसा होता डावीकडे, बरोबर जागी, रुमालाचं टोक वर आलेलं. पण कोट मात्र बायकी बाजूने बंद केलेला! आणि शेजारी आई, तिच्या झग्याला गळ्यापासून कमरेपर्यंत बटणं, आणि तो बंद केलेला पुरुषी बाजूने! सगळं चुकलेलं, फक्त खिसा बरोबर.

मास्तरांनी पाकिटातली संग्रहालयाची चिठ्ठी काढली. तिच्यावर आजवर त्यांनी नजरही टाकली नव्हती. मांजराच्या नादात राहूनच गेली होती. त्यात लिहिलं होतं: जुना फोटो छापताना आरशातल्यासारखा फिरला असावा, कारण पुरुषाच्या कोटाचा खिसा उजवीकडे दिसतो आणि लहान चणीची मुलगी थोरलीच्या जागी उभी आहे. म्हणून नक्कल फिरवून सरळ केली आहे.

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. घड्याळवाल्याच्या हातातला चिमटा उडाला.

"अरे, तो कोट पलटलेला आहे! कोट पलटला की छातीचा खिसा डावीकडचा उजवीकडे जातो, त्याला इलाज नाही. काजं मात्र चांगला शिंपी जुनी रफू करून बुजवतो आणि दुसऱ्या बाजूला नवी करतो. बघ, या बाजूला बारीक तीन रेघा दिसतात? ती जुनी काजं. काय हात असेल त्या माणसाचा, रेघेसारखी बुजवलीत! फोटो पहिल्यापासून सरळ होता. या शहाण्यांनी खिसा बघितला आणि सरळाचा उलटा केला."

"बरं, मग? खिसा इकडे काय नि तिकडे काय," घड्याळवाला म्हणाला.

मास्तर बोलता बोलता थबकले. खिशाचं राहू दे. फोटोमागची ओळ. डावीकडून थोरली, मी, हे, धाकटी. फोटो फिरवला तर डावीकडे कोण आलं? धाकटी. चिठ्ठीत पुढे लिहिलं होतं की संग्रहालयात प्रत्येक मुलीच्या नावाचं एक पान आहे, वर फोटोतून कापलेला चेहरा. म्हणजे इतकी वर्षं थोरलीच्या नावावर धाकटीचा चेहरा आणि धाकटीच्या नावावर थोरलीचा. आणि चूक आहे म्हणून सांगायला त्या घरात कुणी उरलं नव्हतं.

"पण लहान चणीची ती धाकटीच असणार ना?" घड्याळवाल्याने शंका काढली. "संग्रहालयवाले तेच म्हणतात."

"कशावरून?" मास्तर म्हणाले, आणि स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकून त्यांना हसू फुटलं.

शाळेच्या तपासणीचं पान पाकिटातच होतं. दात, डोळे, वजन, उंची. लोक असं पान वरवर बघून ठेवून देतात, पण मास्तरांची हयात मापं वाचण्यात गेली होती. त्यांनी उंचीच्या रकान्यावर बोट ठेवलं. धाकटी थोरलीपेक्षा चार बोटं उंच होती.

"आमच्या शिडीसारखी," मास्तर हळूच म्हणाले.

वर्गासमोर वाचायचा दिवस आला तेव्हा मास्तर एक जुना, कधीकाळी स्वतःच पलटलेला कोट खांद्यावर टाकून गेले. आधी सव्वा पान वाचलं. पत्ता, शाळा, तारीख, गाडी. आवाज कुठे चढला नाही की उतरला नाही. वर्गाला वाटलं, झालं, मास्तर भ्यायले. मग त्यांनी चष्मेवाल्याला पुढे बोलावलं.

"ये रे, तुझं बुजगावणं करतो."

"मास्तर, सगळ्यांसमोर?"

"नवरदेवाची पँट सगळ्यांसमोर शिवली, तुला काय लाज!"

चष्मेवाल्याला तो पलटलेला कोट घातला, खिसा दाखवला, बुजवलेली काजं दाखवली. बाईंना म्हणाले, "बाई, तुमच्या कोटाची बटणं जरा बघता का?" बाईंनी बघितली. बावीस पोरांनी आपापली बटणं बघितली आणि वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं. मग मास्तरांनी फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला, आणि शेवटी उंचीचा रकाना.

गलका बसला.

"कोट का पलटला, हे मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "पैसे नव्हते म्हणून, नोकरी गेली म्हणून, की कोट लाडका म्हणून, कागदात नाही. मी सांगणार नाही. पण पलटला होता. आणि यातली ही थोरली, आणि ही धाकटी. एवढंच."

बाईंनी सगळं संग्रहालयाला लिहून पाठवलं. पाच आठवडे उत्तर नाही. नियमाप्रमाणे निकाल त्या उत्तरासाठी थांबला नसता, पण बाईंनी थांबवला, आणि मास्तर घरात असे फिरले की मास्तरीणबाईंनी त्यांना बागकामाचा फॉर्म आणून दाखवला. मग एका दुपारी शिडी जिन्यावरून ओरडतच आली. संग्रहालयातल्या बाईंनी कपाटातून मूळ फोटो काढून तपासला होता. खिसा उजवीकडे, आणि फिरवण्याचं पाप नकलेतच झालं होतं. त्यांनी माफी मागितली होती आणि दोघी मुलींची पानं दुरुस्त केली होती. वर्गातल्या बाईंनी दिलेले गुणही आले होते. पन्नासपैकी बेचाळीस. आठ गुण कापले ते शुद्धलेखनाचे.

"आठ?" मास्तर म्हणाले. "बाई कडक आहे हो!" आणि पोटभर हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मास्तरीणबाईंनी बागकामाचा फॉर्म डब्याखाली घातला.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. घड्याळवालाही होता. सुनेने म्हटलं, "बाबा, आज तरी एक गोष्ट होऊन जाऊ द्या. घर महिनाभर मुकं झालंय."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "सांगतो. ही कुणाला सांगितलेली नाही. मी पंधरा वर्षांचा होतो. वस्ताद एका कोटाला पिना लावत होते. मी विचारलं, वस्ताद, तुमच्या घरी कोण कोण होतं? त्यांच्या तोंडात पिना होत्या. त्यांनी एकएक करून त्या काढल्या, उशीत टोचल्या आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, शिवण सरळ घाल. आणि पिना पुन्हा तोंडात धरल्या."

सगळे वाट बघत राहिले.

"मग?" शिडी म्हणाली.

"मग मी शिवण सरळ घातली."

"पिना किती होत्या, आजोबा?"

जुने मास्तर असते तर नऊ म्हणाले असते, पुढच्या वर्षी एकोणीस. मास्तरांनी डोळे मिटले, ती उशी आठवून बघितली.

"मोजल्या नाहीत," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी त्यांच्या ताटात वाढता वाढता विचारलं, "आणि माझ्या भावाच्या लग्नात माणसं किती होती?"

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग घड्याळवाल्याकडे, मग दाराकडे. सुटायला जागा नव्हती.

"एकेचाळीस," ते म्हणाले. "नवरदेव धरून."